बारा महिने पाणी

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी एकही बांधलं नाही, पण बांधलेली इतकी दाखवली की शेवटी कंबरेनं हात टेकले. आता विद्यानगरच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बसून असते. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई ओळखीच्या. म्हणाल्या, "शोभाताई, धंद्यातले गमतीचे किस्से लिहा." गमतीचे आहेत, सांगते. पण लिहायला बसल्यावर हात ज्याच्याकडे गेला तो गमतीचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एजंट म्हटलं की लोकांना पांढरा सदरा, बोटभर अंगठी आणि गालात गुटखा असलेला माणूस दिसतो. मी म्हणजे सुती साडी, हातात छत्री आणि पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. हिमायतनगरला एका जिन्याखाली टेबल-खुर्ची टाकून सुरुवात केली. पुढं शहर पसरत गेलं, तळ्यांपाशी पोचलं, आणि मीही त्याच्यामागं पोचले. इकडं तेलुगू मुलखात प्रत्येक गावाला एक चेरुवू, म्हणजे तळं. गावं शहरात आली तेव्हा तळीही आली. बिल्डर लोकांनी काठानं भिंत घातली, गेट बसवलं, आत बंगले बांधले, आणि पाण्याचं नाव झालं लेक व्ह्यू.

या लेक व्ह्यूची एक गंमत आहे, जी आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नसू. तळं दाखवायचं ते दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. तेव्हा पाणी काठोकाठ असतं, वर बगळे, वारा गार. एप्रिल-मे मध्ये पाणी मागं हटतं, चिखल उघडा पडतो, वास सुटतो. त्या दिवसांत साइट बंद. कुणी फार मागं लागलं तर "रस्त्याचं काम चाललंय" म्हणायचं. आणि कुणी विचारलंच की पाणी किती दिवस राहतं, तर एकच उत्तर पाठ केलेलं: बारा महिने पाणी.

एक गोष्ट मात्र मी पाळली. तळं पुरतं भरलं की पाणी कुठवर येतं, तिथं सरकारी हद्दीचे दगड रोवलेले असतात. त्या दगडाच्या आतलं घर मी कुणालाही दाखवलं नाही. इतर एजंट हसायचे. "क्या अम्मा, पत्थर को कौन पूछता?" म्हणायचे. मी म्हणायची, पाणी पूछता.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. एक साहेब वास्तुवाल्याला घेऊन आले. त्यानं होकायंत्र काढलं, घराला तीन चकरा मारल्या आणि जाहीर केलं की तळं नैर्ऋत्येला आहे, ते ईशान्येला पाहिजे. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आत्ता जाऊन तळं उचलून पलीकडं ठेवणार आहे. दुसरा प्रकार फोनवरचा. "मॅडम, कॉलनीत लोक कोणते आहेत?" कोणते म्हणजे काय विचारतोय ते कळायचं मला. आमची माणसं मराठवाड्यातून इकडं आली, बाबासाहेबांचा फोटो आणि चार भांडी घेऊन. हा प्रश्न आम्ही भाड्याच्या खोलीपासून ऐकतोय. मी म्हणायची, "दोन प्रकारचे आहेत. मेंटेनन्स वेळेवर भरणारे आणि न भरणारे." काहीजण हसायचे. काहीजण माझं पूर्ण नाव विचारायचे. कांबळे म्हटलं की त्यातल्या काहींचा फोन पुन्हा यायचा नाही. मेले गेले तर गेले.

आता ते दोघं. नावं बदलली आहेत. माधवकाका रेल्वेत होते, तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर तिथंच जवळ भाड्यानं राहत होते. बायको कौसल्याकाकू, मुलगा सुजित. सुजित कॉम्प्युटरवाल्या कंपनीत, चांगला कमावणारा. त्याला आईवडलांना घेऊन मोठ्या घरात जायचं होतं आणि काकूंची एकच अट होती, घरातून तळं दिसलं पाहिजे. काकांचीही एकच होती. तळं दिसता कामा नये.

"आंटी, दोघांचं काही जमतच नाही यार," सुजित मला म्हणाला. "मम्मी पाणी पाणी करते, पप्पा डायरेक्ट नो. तुम्हीच समजवा."

पहिल्या घराला नेलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. तळं गच्च भरलेलं. बाकीच्या बायका आधी स्वयंपाकघर बघतात, ओटा किती लांब, सिंक कुठं. या बाईनं घराकडं मान वळवली नाही. काठी टेकत सरळ कुंपणाच्या भिंतीपाशी गेल्या आणि मला हाक मारली.

"शोभा, हे उन्हाळ्यात आटतं का गं?"

मी माझं पाठांतर म्हटलं. "काळजीच करू नका काकू. बारा महिने पाणी."

काकूंचा चेहरा उतरला. "मग नको," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "नाही म्हणती ना? मग झालं." एवढ्या वर्षांत बारा महिने पाण्याला नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, डासांची भीती असेल.

असं हिवाळाभर चाललं. काकू भिंतीपाशी जाऊन तेच विचारणार. मी शहाणी झाले आणि खरं सांगू लागले, की आटतं, चांगलं लांबवर आटतं. मग काकूंना घर आवडायचं आणि काकांना त्यात खोड सापडायची. जिना उभा आहे. वारा फार आहे. मीटरची पेटी चुकीच्या जागी आहे. टाइमपास गिऱ्हाईक म्हणून मी सोडून दिलं असतं, पण काकूंचं मन मोडवत नव्हतं. येताना माझ्यासाठी डब्यात धपाटे आणायच्या. असे धपाटे माझी आई गेल्यापासून मी खाल्ले नव्हते.

मेच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "आता दाखव. आटलेलं."

धंद्याच्या विरुद्ध होतं, पण नेलं. सुजित ऑफिसात होता, काकांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. ऊन मी मी म्हणत होतं. पाणी पार मधोमध गेलेलं आणि अलीकडं भेगाळलेली माती. त्या मातीत जुने बांध दिसत होते, एका विहिरीचा काठ आणि कधीकाळच्या झाडाचा बुंधा. हे तळं पूर्वी एवढं मोठं नसणार, कुणाची तरी शेतं होती ती. वास सुटला होता. मी पदर नाकाला लावला. काकू मात्र टक लावून बघत उभ्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अश्शीच दिसती बघ," म्हणाल्या. "आमच्या गावाची जमीन. अश्शीच वर येती."

सावलीला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्यांचं गाव नांदेडकडं, गोदावरीच्या काठी. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्याच्या आधी काकूंना पहिली मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आतच गेली. आपल्याकडं एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि बाई माणूस तिकडं जात नाही, त्यात ओली बाळंतीण तर नाहीच. काका आणि त्यांचे चुलते कापडात गुंडाळून घेऊन गेले. काकूंनी फक्त दारातून जाताना पाहिलं.

"गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं काढून नेली, देव उचलून नेले," काकू म्हणाल्या. "लेकरू कसं नेणार माय? पाण्यातच राहिलं." नंतर एका उन्हाळ्यात कळलं, धरण आटलं की गावाचा वरचा भाग उघडा पडतो. मारुतीचा पार, चिंचेचा बुंधा. काकूंनी काकांच्या मागं लकडा लावला, मला जागा दाखवा. काकांनी नेलं आणि चिंचेच्या बुंध्याजवळ बोट दाखवलं. तेव्हापासून काकू दर मेमध्ये रेल्वेच्या पासवर माहेरच्या नावाखाली जायच्या, तिथं वाटीभर दूध ओतायच्या, घटकाभर बसायच्या आणि परत यायच्या. काका पुन्हा कधी आले नाहीत. सुजितला तर आपल्याला बहीण होती हेच माहीत नाही.

"आता गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो प्रवास बंद. म्हणून म्हटलं, दारात तळं असावं. उन्हाळ्यात आटणारं. तिथं जाता येत नसलं तरी माती वर आलेली बघीन. तेवढंच."

काकूंना घरी सोडलं आणि मला काकांचा असा राग आला की काय सांगू. बायको एवढं एक मागते आणि हा माणूस मीटरच्या पेट्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्यांना तारनाक्याला एका चहाच्या हॉटेलात गाठलं. मला राग आला की मी आडपडदा ठेवत नाही.

"काका, काकूंनी मला सगळं सांगितलंय. तुम्हाला काही वाटतं का नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "चिंचेपाशी म्हणून सांगितलं ना तिनं?"

"हो."

"तिथं काही नाही."

मला आधी कळलंच नाही. मग ते बोलत गेले, माझ्याकडं न बघता. धरणाचं काम निघालं तेव्हा सरकारी माणसं पाणी कुठवर येणार त्याचे दगड रोवून गेली होती. गावात कुणाचा विश्वास बसला नाही. गोदामाय एवढी चढेल? लोक हसले. म्हशी त्या दगडांना अंग घासायच्या. मुलगी गेली तेव्हा चुलते म्हणाले होते, वर माळावर नेऊ, दगडाच्या पलीकडं. काका अडून बसले. माझं लेकरू माळावर कशाला? आपल्या वावरात ठेवू. त्यांचं वावर नदीला लागून, काळीभोर जमीन, बोरीचं वावर म्हणायचे त्याला. तिथं ठेवलं.

"बोरीचं वावर एकदा गेलं ते गेलं. धरण कितीही आटू दे, ते वर येत नाही. आणि ही म्हणती जागा दाखव. काय दाखवू? पाणी दाखवू?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "चिंच वर आली होती. बोट केलं तिच्याकडं."

मी म्हटलं, "काका, आता तरी सांगा त्यांना."

"सांगून देऊ काय तिला? वर्षाकाठी एक दिवस आहे तिच्याकडं. तोबी काढून घेऊ?"

 

तळं का नको तेही मग सांगितलं. वर्षातून एकदा खोटं निभावून नेणं वेगळं. रोज सकाळी ही पाण्याकडं बघत लेकराचं बोलणार आणि आपण शेजारी बसून हं म्हणणार, हे जमायचं नाही म्हणाले.  वेटर येऊन कप उचलून गेला. मग म्हणाले, "आता तिचं तिकडं जाणंबी बंद झालं. दे तिला ते तळ्याचं घर. बोलीन रोज खोटं. कुणाला सांगायचं नाही मात्र, तुला शपथ आहे."

मी शपथेवर विश्वास ठेवणारी नाही, आमच्यात वचन देतात. वचन दिलं.

त्या पावसाळ्यात घर झालं. गृहप्रवेशाला शेजारच्या तेलुगू बायका गोळा झाल्या आणि त्यांच्या रीतीप्रमाणं नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं. उतू गेलेल्या दुधातलं वाटीभर काकूंनी हळूच उचललं आणि कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं ओतलं. शेजारणींना वाटलं ही मराठी पद्धत असेल. एकीनं भक्तिभावानं आपलंही ओतलं. काका हॉलमध्ये खुर्ची भिंतीकडं करून बसले होते. सुजित पाहुण्यांना व्ह्यू दाखवत होता. "मम्मीचा ड्रीम होता," म्हणत होता.

एवढी घरं विकली पण कुणाच्या घरी नंतर फारशी गेले नाही. व्यवहार झाला की एजंटाचं तोंड लोकांना नको असतं. या घरी मात्र जात राहिले. काकू गॅलरीत बसायच्या आणि पाणी किती मागं गेलं ते मला सांगायच्या. काकाही आताशा त्यांच्याजवळ बसू लागले होते. काकू म्हणायच्या, "आता असती तर तिला नातवंडं असती," आणि काका म्हणायचे, "हं." मला ते हं ऐकवत नसे. मी उठून उगाच चहा टाकायला जायची.

पहिल्याच उन्हाळ्यात, तळं आटत आलं तेव्हा, काका गेले. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीतच. आदल्या आठवड्यात दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी सुजितला एक सांगून ठेवलं होतं. त्याचा मला फोन आला.

"आंटी, पंडितजी बोलतायत अस्थी बासरला गोदावरीत सोडा, सगळे तिथंच करतात. पण पप्पा बोलून गेले, गावाकडच्या डॅममध्ये सोड. डीप पाण्यात, बोटीतून. नावाड्याला म्हण बोरीचं वावर, त्याला कळतं. हे बोरीचं वावर काय आहे? तुम्हाला माहितीये का?"

"तुमचं शेत होतं," मी म्हटलं. "बाप सांगून गेलाय ना? तसंच कर."

काकू हट्टानं निघाल्या. डॉक्टरला कोण विचारतो अशा वेळी. मला म्हणाल्या, तू चल, मला लेक नाही. गेले. मागच्या सीटवर त्यांचे पाय माझ्या मांडीवर घेऊन गेले.

धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला कोळ्यांच्या दोन-तीन नावा. सुजितनं एका म्हाताऱ्याला बोरीचं वावर म्हटलं, तर त्यानं विचारलंसुद्धा नाही कुठलं म्हणून. गाव जाऊन एवढी वर्षं झाली, पण ती माणसं अजून पाण्याला शेतांच्याच नावांनी ओळखतात. सुजित कलश घेऊन नावेत बसला. नाव पार लांब गेली, जिथं पाणी निळं-काळं दिसत होतं तिथवर.

काकूंना धरून मी चिंचेच्या बुंध्यापाशी आणलं. मारुतीचा पार अर्धा मातीत होता. त्या खाली बसल्या, पिशवीतून दुधाची बाटली काढली, वाटी काढली.  दूध ओतलं. भेगेत दूध गेलं. मग नावेकडं बघत राहिल्या.

"एवढ्या लांब कुठं नेलं गं?"

"बोरीच्या वावरात, काकू. तसं सांगून गेले होते."

काकूंनी मान हलवली. "शेतकऱ्याचा जीव. रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण मन वावरातच होतं." मग बुंध्याजवळची माती हातानं सारखी केली, लहान लेकराचं अंथरूण करतात तशी. "पण हे एकटंच राहिलं की इथं. बाप तिकडं, हे इकडं. माझ्या मनात होतं, त्यांनाबी इथंच ठेवावं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. बाप लेकराजवळच गेलाय काकू, अगदी जवळ. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर ज्या मातीवरून त्यांचा हात फिरत होता ती माती काय झाली असती? इतक्या उन्हाळ्यांचं दूध कुठं गेलं असतं? मी वचनाला बांधलेली म्हणून गप्प राहिले असं लोकांना वाटेल. वचनाचं काय, मोडलं असतं. मला त्या हाताकडं बघून धीर झाला नाही.

अजून झालेला नाही. काकूंची नजर आता गेली आहे. सुजित मराठी बोलतो, पण त्याला वाचता येत नाही. म्हणून हे लिहायला धजले. कुणीतरी ओळखेल आणि त्यांना वाचून दाखवेल, याची मला भीती वाटते. आणि कुणीच वाचून दाखवणार नाही, याचीही वाटते. कारण तिथं पुढं जे झालं ते असं.

नाव परत आली. सुजित चिखलातून बूट सांभाळत आमच्याकडं आला. आईला दुधाची वाटी घेऊन बसलेली बघून काहीतरी पूजा असेल असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं चार पावलं आधीच बूट काढले. काकूंनी त्याचा हात धरला आणि जमिनीवर ठेवला.

"बापाचं त्यांच्या मनासारखं केलंस. आता माझं ऐक. मला तिकडं पाण्यात नेऊ नको. मला इथं आणायचं. हिथं, या बुंध्यापाशी. इथं कुणीतरी पाहिजे रे."

"ओके मम्मी," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, का म्हणून विचारावं का नाही असं. मी दुसरीकडं बघितलं. त्यानं मोबाइल काढला, बुंध्याच्या अगदी जवळ उभा राहिला आणि पुढं विसरायला नको म्हणून त्या जागेचं लोकेशन सेव्ह करून ठेवलं.